तीन दिवसांच्या बोलीवर

शांतिनाथ चौगुल्यांनी खोका दिला
तो तीन दिवसांच्या बोलीवर.
"वापरून बघ. ओरखडा पडला तर तुझा,
नाही पडला तर रविवारी बोलू."
अठ्ठावन्न हजार, सोबतच्या लेन्ससकट.
पट्ट्याला अजून नव्या प्लास्टिकचा वास.

मी लग्नांचं शूटिंग करते.
हळदीला बायका मलाच बोलावतात,
न्हाणीघराच्या दारापर्यंत कॅमेरा न्यायला
पुरुष चालत नाही.
म्हणून पहिली परीक्षा पिवळ्याची.

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे सुरू झालेले,
हवेत इतकी हळद की शिंकही पिवळी यावी.
आणि या नव्या यंत्राने काय केलं?
राजापुरीच्या ढिगाकडे बघितलं, जरा विचार केला,
आणि पिवळं कमी केलं.
त्याला वाटलं, चूक झालीय.
कुठल्याशा थंड देशातल्या
पांढऱ्या भिंतीसमोर शिकलेलं पोर ते.
इतकं पिवळं खरं असतं
हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

बिराप्पा पोतं घेऊन आला,
गळ्यापासून कपाळापर्यंत हळद, पापण्यांवरसुद्धा.
माणसाचा चेहरा ओळखून चौकोन काढतो म्हणे हा कॅमेरा.
चौकोन अडत्यावर बसला,
मग भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीवर बसला,
बिराप्पावर बसेना.
"मी दिसतोय का ओ ताई?"
"दिसताय की. थांबा जरा."
पडद्यावर त्याच्या नाकावर बोट टेकवलं,
तेव्हा बसला.

दुपारी आयर्विन पुलावर.
झर्रकन फिरवला तर पुलाचे खांब
पंगतीतून उठलेल्या जड माणसांसारखे कलले.
हळू फिरवला तर सरळ.
ठीक आहे, लग्नात झर्रकन फिरायला कोण सांगतंय,
अक्षता पडतात तेवढा क्षण सोडून.

फोर-के लावलं की चित्र कडेनं कातरलं जातं,
दहा बाय दहाची खोली आठ बाय आठ होते.
कुपवाडच्या हळदीत मी भिंतीला पाठ लावली,
मग उघड्या कपाटात अर्धी शिरले,
तरी करवली बाहेरच.
बाविसाव्या मिनिटाला तापल्याची खूण चमकली,
पंचविसाव्याला त्यानं डोळा मिटला.
मे महिना, एकेचाळीस अंश.
मीही मिटला असता.
हेडफोनला भोकच नाही,
म्हणजे आवाज आला की नाही
ते घरी गेल्यावर कळणार,
तोवर मंगलाष्टकं संपलेली.

एवढं वहीत लिहून मी जवळजवळ खोका बांधलाच होता.

पण शनिवारी रात्री मांडवातली लाईट गेली.
सगळीकडे मोबाईल शोधणारे हात,
आणि मागच्या बाजूला, चुलाणाशी,
पुऱ्या तळणारी मालन कशाला तरी हसली.
मी नुसताच तिकडे वळवला.
काळोखात रवा सांडल्यासारखे दाणे,
पण तिचा उजवा डोळा, जाळाच्या उजेडात,
त्यानं धरला आणि सोडला नाही.
मला पैसे नवरीचे मिळणार होते, मालनचे नाही.
तरी पावणेदोन मिनिटं मी बटण सोडलं नाही.

रविवारी सकाळी पुन्हा यार्डात गेले.
वजनाच्या पावतीची कोरी बाजू
ढिगासमोर धरली,
त्याला म्हटलं, हे बघ, हे पांढरं. नीट बघ.
आता तिकडे बघ.
पिवळं आलं.
बिराप्पाला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला,
म्हणाला, "रोज एवढं असतंय व्हय अंगावर?"

चौगुल्यांना वही वाचून दाखवली, मालन सोडून.
ते म्हणाले, "बोल मग."
त्यांचे वडील यार्डात अडत्या होते,
रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे.
हसत हसत त्यांनी काऊंटरवर कापड पसरलं,
लेन्स पुसायचं, जेमतेम वीतभर.
आम्ही दोघांनी हात घातले.
त्यांनी पाच बोटं दाबली, मग तीन.
मी एक मिटवलं.
कॅमेरा शेजारी, डोळ्यावर टोपण.
कापडाखाली दोन हात मावेनात,
माझी पिवळी नखं
बाहेरच राहिली.